खाटेचे भाडे आणि नगराचे दायित्व

भोपाळच्या महाराणा प्रताप नगरात दोन तऱ्हेच्या पाट्या माणसाचे लक्ष वेधून घेतात. पहिल्या पाट्या शिकवणी-वर्गांच्या. बोर्ड ऑफिस चौराह्यापासून झोन दोनमधील गल्ल्यांपर्यंत इमारतींचे मजलेच्या मजले त्यांनी झाकून टाकले आहेत. लोकसेवा आयोग, बँका, रेल्वे, अभियांत्रिकी, वैद्यक. अशी एकही परीक्षा नसेल, की जिच्यातील यशाची हमी तेथे कोणी ना कोणी देत नाही. दुसऱ्या पाट्या अगदी लहान, साध्या कागदावर छापलेल्या वा हाताने लिहिलेल्या, विजेच्या खांबाला चिकटवलेल्या असतात. ‘कमरा किराये से देना है’ एवढाच त्यांचा मजकूर आणि खाली दूरध्वनीचा क्रमांक. पहिल्या पाट्या वाचून आलेली मुले दुसऱ्या पाट्यांच्या आश्रयाला जातात. त्या आश्रयावर कायद्याचे काही छप्पर आहे काय, आणि नसल्यास नगराच्या कारभाऱ्यांनी ते घालावे काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

ही मुले दूरदूरच्या जिल्ह्यांतून येतात आणि त्यांत मराठी घरांतील मुलेही असतात. पांढुर्णा, सौंसर, मुलताई, बुऱ्हाणपूर या भागांत मराठी बोलणारी कुटुंबे पिढ्यान्पिढ्या नांदत आहेत. संत्र्याचा बगीचा वा कापसाचे शेत सांभाळणारा बाप पहिल्या दिवशी मुलाबरोबर येतो. वळकटी, बादली आणि घरच्या चिवड्याचा डबा खोलीत ठेवतो. घरमालकाला ‘अंकलजी’ म्हणून नमस्कार करावयास मुलाला सांगतो. एका महिन्याचे भाडे आणि अनामत रक्कम मोजून देतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातो. या साऱ्या व्यवहारात कागदाचा एक तुकडाही बहुधा हातात येत नाही. बैल विकत घेतानाही जो बाप बाजाराची पावती मागितल्यावाचून राहिला नसता, तोच येथे पावती मागण्यास संकोचतो. कारण मुलगा आता त्या माणसाच्या घरात राहावयाचा आहे.

पुढे जे घडते ते सर्वत्र सारखे नसते. अनेक घरमालक मायेने वागतात. मूल आजारी पडले तर खिचडी करून देणाऱ्या मालकिणी भोपाळात आहेत, तशा पुण्यात आणि नागपुरातही आहेत. परंतु कायद्याचा विचार चांगल्या माणसांसाठी करावा लागत नाही. खोली सोडताना अनामत रकमेतून रंगरंगोटीचा, नळाचा, तुटलेल्या कडीचा खर्च वजा होत जातो आणि अखेर हाती फारच थोडे उरते. वर्षाच्या मध्यास भाडे वाढते. सर्वांत कठीण प्रसंग म्हणजे ‘महिन्याअखेर खोली खाली करा’ हा निरोप. मालकाला अधिक पैसे देणारा भाडेकरू मिळालेला असतो, किंवा घरी कार्य निघालेले असते, किंवा काहीच कारण सांगितले जात नाही.

हा निरोप विद्यार्थ्याला इतरांपेक्षा अधिक का जाचतो, हे ध्यानात घेतले पाहिजे. नोकरदार माणसाला एक वस्ती सोडून दुसरीकडे जाणे कष्टाचे असले, तरी शक्य असते. विद्यार्थ्याने मात्र वर्गाचे शुल्क बहुधा आगाऊ भरलेले असते. ते परत मिळणे दुरापास्त. परीक्षेचा दिवस ठरलेला असतो. तो त्याच्यासाठी पुढे जात नाही. म्हणजे तो शहर सोडू शकत नाही आणि वाटही पाहू शकत नाही. अशा माणसाशी सौदा करणाऱ्याचे पारडे आधीच जड असते. बाजारात दोघेही स्वतंत्र असतात हे अर्थशास्त्राचे गृहीतक येथे निम्मेच खरे ठरते.

आता एक विसंगती पाहावी. आपल्या घरात कोण भाडेकरू आहे याची माहिती पोलीस ठाण्यात देणे घरमालकांवर बंधनकारक करणारे आदेश भोपाळात वेळोवेळी निघत आले आहेत. सुरक्षिततेच्या दृष्टीने त्यात वावगे काही नाही. परंतु अर्थ असा होतो, की त्या मुलाचे नाव, त्याचे गाव, त्याचे छायाचित्र हे सर्व शासनाला हवे आहे. त्याने अनामत किती दिली, भाडे किती ठरले, किती दिवसांच्या सूचनेवर त्याला बाहेर काढता येईल, हे मात्र कोणी विचारीत नाही. भाडेकरूपासून समाजाचे रक्षण करण्याची नोंदवही आहे. भाडेकरूचे रक्षण करण्याची नाही. वही एकच असती तरी चालले असते. रकाने तेवढे कमी पडले आहेत.

यावर कोणी म्हणेल, की कायदा तर जुनाच आहे. मध्य प्रदेशाने १९६१ साली स्थान नियंत्रण अधिनियम केला. भाडेकरूला कोणत्या कारणांनी काढता येईल, ती कारणे त्याच्या बाराव्या कलमात मोजून दिली: भाडे थकले आणि मागणीची नोटीस मिळाल्यावर दोन महिन्यांतही भरले नाही, परस्पर दुसऱ्याला जागा दिली, उपद्रव केला, मालकाला स्वतःला राहण्यास खरोखरीच जागा हवी आहे, आणि अशीच आणखी काही. ही कारणे नसतील, तर भाडे भरणाऱ्याला हलविता येणार नाही. तत्त्व उत्तम होते. १९८३ साली त्यात दुरुस्ती होऊन विधवा, निवृत्त शासकीय सेवक, अपंग अशा मालकांना जागा लवकर परत मिळावी म्हणून वेगळी तरतूद झाली, हेही योग्यच. घरमालक म्हणजे सावकार आणि भाडेकरू म्हणजे दीन, हे चित्र चित्रपटात शोभते. नवऱ्याच्या पश्चात वरच्या दोन खोल्यांच्या भाड्यावर संसार चालविणारी बाई हीही घरमालकच असते.

तथापि हा कायदा ज्या भाडेकरूसाठी लिहिला गेला, तो कुटुंबवत्सल, एका जागी वर्षानुवर्षे राहणारा, न्यायालयात वकील देऊ शकणारा गृहस्थ होता. महाराणा प्रताप नगराच्या आसपास राहणारा मुलगा तसा नाही. तो दोन वर्षांसाठी येतो. न्यायालयातील तारखा सुरू होईपर्यंत त्याची परीक्षा होऊन गेलेली असते. दुसरे म्हणजे पुष्कळदा तो खोली भाड्याने घेतच नाही. तो खाट घेतो. एका खोलीत तीन खाटा, तिघे तीन गावांचे, जेवण मेसचे, किल्ली मालकाजवळ. अशा निवासाला ‘होस्टेल’ किंवा ‘पी. जी.’ म्हणण्याची रीत आहे. कायद्याच्या भाषेत भाडेपट्टा वेगळा आणि केवळ राहण्याची अनुज्ञा वेगळी. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली दिल्लीच्या एका हॉटेलातील केशकर्तनालयाच्या खटल्यात हा भेद विस्ताराने सांगितला. कागदावर कोणता शब्द लिहिला आहे याला महत्त्व नाही. पक्षांचा हेतू काय होता आणि जागेचा अनन्य ताबा मिळाला होता काय, हे पाहावयाचे. ज्याच्या खोलीची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला आहे, त्याला अनन्य ताबा कोठून असणार?

खाट घेणारा माणूस कायद्याच्या दृष्टीतून नेहमीच निसटलेला होता असे मात्र नव्हे. मुंबईचा १९४७ चा प्रसिद्ध भाडेनियंत्रण कायदा सर्वांना ऐकून ठाऊक आहे. त्याचे पूर्ण नाव फार थोड्यांना ठाऊक असते. ‘मुंबईचा भाडे, हॉटेल व लॉजिंग हाऊस दर नियंत्रण अधिनियम’ असे ते नाव होते. युद्धानंतरच्या त्या टंचाईत कायदा करणाऱ्यांना गिरणगावातील खोलीइतकीच लॉजमधील खाटही आठवली होती. पुढे महाराष्ट्राने १९९९ साली नवा भाडे नियंत्रण कायदा केला, तेव्हा नावातून हॉटेल आणि लॉजिंग हाऊस हे शब्द गेले. २०२१ च्या जून महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्य केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्याच्या मसुद्यातून तर हॉटेल, लॉजिंग हाऊस, धर्मशाळा आणि सराई ही स्पष्टपणे वगळण्यात आली आहेत. ज्या काळात खाटेवर राहणारे तरुण एवढे वाढले, त्याच काळात खाट कायद्याबाहेर गेली.

त्याहूनही जवळचे एक उदाहरण आहे. पांढुर्णा आणि सौंसर १९५६ पर्यंत मध्य प्रांत व वऱ्हाडाच्या जुन्या प्रदेशात होते. त्या प्रांतात १९४९ साली घरे भाड्याने देणे व भाडेनियंत्रण यांविषयीचा आदेश निघाला. जेथे तो लागू होता तेथे घरमालकाला भाडेकरूस जागा सोडण्याची नुसती नोटीस द्यावयाची झाली, तरी आधी भाडे नियंत्रकाची लेखी परवानगी घ्यावी लागे. विदर्भात ही व्यवस्था २००० सालापर्यंत चालली. तिच्यातही दोष होता: मालकाला प्रथम नियंत्रकाकडे आणि मग पुन्हा दिवाणी न्यायालयात जावे लागे, आणि त्यात वर्षे जात. परंतु मूळ कल्पना पाहावी. माणसाला घराबाहेर काढण्यापूर्वी कोणातरी तटस्थ अधिकाऱ्याने कारण विचारावे, एवढेच तिचे सार होते. आजोबांना जे संरक्षण नागपुरात मिळू शकत होते, ते नातवाला भोपाळात मिळत नाही.

भाडेनियंत्रण म्हटले की मुंबईकडे बोट दाखविण्यात येते, आणि ते अकारण नाही. मुंबईच्या कायद्याने बहुतेक जागांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकले. धान्य, वीट, सिमेंट, गवंड्याची मजुरी सारे वाढत गेले. भाडे तेथेच राहिले. मालकाने डागडुजी सोडली. भाडेकरूने जागा सोडली नाही; सोडलीच तर पागडी घेऊन सोडली आणि भाड्यात जे मिळत नव्हते ते मालकानेही पागडीतून वसूल केले. चाळी खचू लागल्या तेव्हा १९६९ साली शासनाला इमारत दुरुस्ती मंडळासाठी कायदा करावा लागला आणि उपकरप्राप्त म्हणून नोंदलेल्या इमारतींची मूळ संख्या १९,६४२ होती. अखेर डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, गोठविलेले भाडे आता अवाजवी आणि मनमानी झाले आहे, असा स्पष्ट अभिप्राय दिला. नियंत्रणाचा पुरस्कार करणाऱ्यांनी हा इतिहास झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

पण त्या इतिहासातून जे अनुमान काढले जाते ते मात्र तपासून घ्यावे. मुंबईत चुकले ते भाडे गोठविणे. कारणावाचून बाहेर काढता येणार नाही, या नियमाने एकही चाळ पडलेली नाही. या दोन गोष्टी एकाच कायद्यात बांधल्या गेल्यामुळे एकीचे पाप दुसरीच्या माथी बसले. त्या वेगळ्या करता येतात. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्याने मालकाला दरवर्षी चार टक्के भाडेवाढीचा हक्क दिला. भाड्याची लेखी पावती देण्याचे आणि करार लेखी करून नोंदविण्याचे बंधन घातले. करार नोंदविण्याची जबाबदारी मालकावर टाकली आणि नोंद नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या मानाव्यात असे ठरविले. वीज-पाणी तोडून भाडेकरूला हुसकावण्यासही मनाई केली. या तरतुदींनी मुंबईत कोणाची इमारत खचली असे ऐकिवात नाही.

आदर्श मसुदाही या बाबतीत शहाणपणाचा आहे. भाडे किती असावे हे तो दोघांवर सोडतो; परंतु निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा अधिक नसावी, करार लेखी असावा आणि दोन महिन्यांत भाडे प्राधिकरणाला कळवावा, ठरलेल्या मुदतीत मनाला येईल तेव्हा भाडे वाढवू नये, अत्यावश्यक सोयी बंद करू नयेत, खोलीत येण्यापूर्वी चोवीस तास आधी कळवावे असे तो सांगतो. मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्या भाडेकरूवर पहिले दोन महिने दुप्पट आणि पुढे चौपट भाड्याचा बोजाही तो टाकतो. मालकाला यापेक्षा अधिक काय हवे? अडचण एवढीच, की असा मसुदा राज्यांवर बंधनकारक नसतो. आणि वर सांगितल्याप्रमाणे खाट त्याच्या कक्षेबाहेर राहते.

येथे भोपाळ नगर निगमाचा, म्हणजे तेथील महानगरपालिकेचा, प्रश्न येतो. घरमालक आणि भाडेकरू यांच्यातील संबंधांवर कायदा करण्याचा अधिकार नगर निगमाचा नाही. तो विधिमंडळाचा आहे. त्यामुळे ‘हे आमच्या हातात नाही’ हे उत्तर तयारच असते. ते निम्मे खरे आहे. उरलेले निम्मे असे, की नगर निगम प्रत्येक घराच्या दारात कर मागावयास जातेच. मध्य प्रदेशात मालक स्वतः राहत असलेल्या घराला मालमत्ता करात निम्मी सूट मिळते. हेतू चांगला, परिणाम मात्र असा, की वरच्या मजल्यावर सहा विद्यार्थी ठेवणाऱ्याला ते सहाजण कागदावर नसलेलेच बरे वाटतात. पावती न देण्याचे मूळ मालकाच्या दुष्टपणात शोधण्यापेक्षा या हिशेबात शोधावे. दिलेली पावती ही उद्याची करवाढ असते. वर ११ महिन्यांची युक्ती आहेच. एक वर्षापर्यंतचा व्यवहार सक्तीच्या नोंदणीतून सुटतो, म्हणून देशभर करार ११ महिन्यांचे होतात. आणि तेवढाही करार पुष्कळांच्या वाट्याला येत नाही.

तेव्हा नगर निगमाने प्रथम हा हिशेब उलटा करावा. जो मालक भाडेकरार नोंदवील, पावती देईल आणि दोन महिन्यांपेक्षा अधिक अनामत घेणार नाही, त्याला काही वर्षे करात सवलत द्यावी. तिजोरीचे फार नुकसान होणार नाही. ज्या खोल्या आज कागदावरच नाहीत, त्यांच्या करातील सूट ही न मिळणाऱ्या पैशातील सूट होय. दुसरे, खाटा भाड्याने देणाऱ्या प्रत्येक वसतिगृहाची प्रभागवार नोंद करावी आणि खाटा किती, मासिक आकार किती, अनामत किती, सोडण्याची सूचना किती दिवसांची, हे दारावरील पाटीवर लिहावयास लावावे. खाणावळीचा दरफलक सर्वांना चालतो, तर खाटेच्या दरफलकाला कोणी का लाजावे? तिसरे, पोलीस ठाण्यात जो भाडेकरूच्या माहितीचा अर्ज जातो, त्याच अर्जावर भाडे, अनामत, मुदत आणि सूचनेचा काळ असे चार रकाने वाढविण्याची विनंती पोलीस आयुक्तांना करावी, आणि शिक्का मारलेली एक प्रत मुलाच्या हाती द्यावी. ही प्रत म्हणजे त्याचा पुरावा. पुराव्यावाचून कोणताही कायदा, मग तो १९६१ चा असो वा उद्याचा, त्याच्या उपयोगी पडणार नाही.

चौथी गोष्ट ठरावाची आहे. नगर निगमाने राज्य शासनाकडे एकमताने मागावे, की वसतिगृहातील आणि खाटेवरील निवासी भाडेकरूच्या व्याख्येत घ्यावा. भाडे भरणाऱ्या विद्यार्थ्याला शैक्षणिक वर्षाच्या मध्ये, लेखी कारण आणि पुरेशी मुदत दिल्यावाचून, काढता येऊ नये. आणि वाद उद्भवल्यास भाडे प्राधिकाऱ्याने तो आठवड्यांत निकालात काढावा, वर्षांत नव्हे. वाईट वर्तनाचे, थकलेल्या भाड्याचे कारण मालकाला खुलेच राहील. रात्री दोन वाजता गच्चीवर वाढदिवस साजरा करणाऱ्या मुलांची बाजू घेण्याचे कोणाला कारण नाही.

स्थानिक प्रशासनाला हे झेपेल काय, अशी शंका घेण्यात येते. २०२० चा मार्च महिना आठवावा. टाळेबंदी लागली आणि मजुरांना व विद्यार्थ्यांना खोल्यांतून बाहेर काढल्याच्या तक्रारी निघाल्या, तेव्हा २९ मार्च रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने आदेश काढला: भाड्याने राहणाऱ्या कामगारांकडून एक महिना भाडे मागू नये, आणि मजूर वा विद्यार्थी यांना जागा सोडण्यास भाग पाडणाऱ्या घरमालकावर कारवाई व्हावी. अंमलबजावणी जिल्हाधिकारी आणि पोलीस यांच्याकडेच होती. संकटापुरते का होईना, ‘विद्यार्थी’ हा शब्द घरातून न काढावयाच्या माणसांच्या यादीत शासनाने स्वतःच्या हाताने लिहिला. पूर्वीही असेच झाले आहे. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, ग्लासगो शहरातील कामकरी बायकांनी वाढीव भाडे देण्याचे नाकारले आणि त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटला भाडेनिर्बंधाचा कायदा करावा लागला. मुंबईत त्या जातीचा पहिला कायदा १९१८ मध्ये आला. प्रत्येक वेळी तरतूद युद्धासाठी वा साथीसाठी म्हणून झाली. दरवर्षी नेमाने येणाऱ्या अडचणीसाठी ती होत नाही, याचे एक कारण असे, की विद्यार्थ्याचे मत बहुधा त्याच्या गावच्या मतदारयादीत असते आणि नगरसेवकाला त्याचे भय नसते.

डिसेंबर २०२५ मध्ये भोपाळची मेट्रो धावू लागली आणि महाराणा प्रताप नगराला तिचे स्थानक मिळाले. स्थानक आले की जवळच्या जागेचा भाव चढतो, हा इतर शहरांचा अनुभव आहे. चेतक पुलापलीकडील रचना नगर, गौतम नगर, कस्तुरबा नगर या वस्त्यांतील खोल्यांना तो लागू होणार नाही असे मानण्यास आधार नाही. वर्गांचे नवे प्रवेश उन्हाळ्यात होतात आणि खोल्यांची अदलाबदल जूनच्या सुमारास सर्वाधिक असते. विधानसभेच्या कायद्याला वेळ लागेल. करसवलतीला नगर निगमाचा अर्थसंकल्प पुरेल. आणि अर्जावर चार रकाने वाढविण्यास एक कोरा कागद, एक फूटपट्टी आणि छापखान्याचे दोन दिवस लागतात.